विंगसूटला टाका घालू का?

शहापूरचा टेलर (मंगळवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात माझं चौतीस वर्षांचं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाउज, दिवाळीला शर्ट-पँट. इथं मी वाचतो, लिहीत नाही. आज लिहायची पाळी आली.

मुलगा दुबईला नोकरीला आहे, गणपतीला आठ दिवस आलाय. परवा बॅगेतून एक कापड काढलं आणि म्हणाला, "बाबा, एवढं शिवून द्या की." मला आधी रेनकोटच वाटला. कटिंगच्या टेबलावर पसरला तर टेबल पुरेना. ब्लाउजच्या काखेत कळी घालतो ना आपण, ती कळी वाढवत वाढवत मनगटापासून पार मांडीपर्यंत नेलेली. दोन पायांच्या मधेही तसाच पडदा. कापड दुहेरी, आतून उभे कप्पे पाडलेले आणि पुढच्या बाजूला कप्प्यांची तोंडं उघडी. अभ्र्यात उशी घालायला जागा सोडतात तशी.

विचारलं तर म्हणतो विंगसूट आहे. हा घालून विमानातून उडी मारतात आणि खारीसारखं तरंगत जातात. दोन वर्षांमागं त्यानं मला सांगितलं होतं, "बाबा, एकदा गंमत म्हणून पॅराशूटनं उडी मारली." ती एकदाची गंमत दोनशे चाळीस उड्यांवर गेली आहे, त्यातल्या चौदा या सूटमधून. आईला यातलं काही माहीत नाही. तिला तो अजून रेनकोटच वाटतो.

डाव्या पायाजवळ पडद्याची कड चार बोटं उसवलीय आणि तिथून कापड बोटभर फाटलंय. उतरताना दोन पायांमधली चेन उघडायची राहिली, अडखळला आणि खडीवर घासत गेला म्हणे. माझ्याकडं जुकीची मशीन आहे, जाड नायलॉन दोरा आहे. अर्ध्या तासाचं काम. पण काल सुई लावायला घेतली आणि हात थांबला. कापड मला कळतं, हवा कळत नाही.

कुणाला माहिती असेल तर सांगा. टाका घालू की नको?


निपाणीकर

मास्तर, टाका कशाला घालताय, कात्री घाला! पोटच्या पोरासाठी लय पुण्याचं काम होईल.


वडगाव माग

😄 कात्री नको हो, दीड-दोन लाखाचा सूट असतो तो. पण मास्तर, हात थांबला ते बरं झालं. आमच्या मागावरचं कापड असतं तर मीच म्हटलो असतो रफू करा. हे तसलं दिसत नाही.


हिंडलग्याचे सुभेदार

मास्तर, मी निवृत्त सुभेदार. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलचा विंग (छत्रीवाल्या जवानाचा बिल्ला) छातीवर लावून आलोय, त्यामुळं थोडं बोलायचा अधिकार आहे. मला विंगसूटमधलं काही कळत नाही, आमच्या काळी ते ऐकलंही नव्हतं. आमची उडी साडेबाराशे फुटांवरून. पट्टा विमानाला अडकवलेला, दारातून बाहेर पडलं की छत्री आपोआप उघडते. पाच उड्या झाल्या की विंग मिळतो.

पण एक गोष्ट तिथं डोक्यात ठोकून बसवली होती. छत्रीला आणि तिच्या साजाला हात लावायचा तो फक्त ज्याचं ते काम आहे त्यानं. पॅकिंगवाल्याची सही असल्याशिवाय छत्री पाठीवर चढत नसे. माझ्या एका जोडीदारानं पट्टा टोचतो म्हणून आतून कापडाची घडी शिवून घेतली होती. उस्तादानं सगळ्या स्टिकसमोर (एका विमानातून उडी मारणाऱ्या तुकडीसमोर) ती ब्लेडनं उसवली आणि त्याला त्या दिवशी उडीच दिली नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो.

(जाता जाता, बेळगावच्या पोरांसाठी: मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण पुढं दुसरी पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलला उतरली ती हीच.)


रील किंग बीजीएम

काका भारीच आहे तुमचा मुलगा!! त्याला म्हणावं गोकाकला एक उडी होऊन जाऊ दे, ड्रोन मी आणतो. नाहीतर आंबोलीचा कावळेसाद पॉइंट. व्हायरल!


उद्यमबाग

रील किंग, तुझ्यासाठी थोडं गणित करतो.

गोकाकचा धबधबा ५२ मीटर. वरून सोडलेली वस्तू खाली पोचायला सव्वातीन सेकंद लागतात आणि खाली टेकताना वेग तासाला ११५ किलोमीटरच्या आसपास असतो. विंगसूटला उडायला आधी वेग लागतो. कप्प्यांत हवा भरून पंख ताठ व्हायलाच काही सेकंद जातात आणि तोवर माणूस दगडासारखा सरळ खाली येत असतो. म्हणजे गोकाकला सूट फुगायच्या आत माणूस घटप्रभेत असेल. सूट घातला काय आणि धोतर नेसलं काय, सारखंच.

कावळेसादला दरी खोल आहे, पण कडा सरळ तुटलेला नाही, टप्प्याटप्प्यानं उतरतो. खाली गच्च जंगल, उतरायला मोकळी जागा नाही. आणि पावसाळ्यात तिथं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर येऊन तोंडावर उडतं. पाण्याला उलटं फिरवणारा वारा माणसाचं काय करील?

मास्तर, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. हे साधन चालतं कसं ते कळलं की तुमचा प्रश्नही सुटेल. नुसता माणूस पोटावर पडत आला तर तासाला १९० ते २०० किलोमीटरनं खाली येतो. विंगसूटमध्ये खाली यायचा वेग बराच कमी होतो, चांगला उडवणारा तो साठ-सत्तरपर्यंत आणतो, आणि त्याच वेळी पुढं जायचा वेग दीडशेच्या वर असतो. एक मीटर खाली येताना साधारण अडीच मीटर पुढं. चोर्ला घाटात गाडी न्यूट्रलला टाकून उतरवतात ना (टाकू नये, पण टाकतात), तसं. इंजिन नाही, उंची हेच पेट्रोल. तेरा हजार फुटांवर उडी आणि पाच हजारांवर छत्री उघडली असं धरलं तर मधल्या आठ हजार फुटांत सहा किलोमीटर अंतर कापलं जातं. शहापुरातून निघून येळ्ळूरपर्यंत, जवळजवळ.

आता तुमचा टाका. दोन्ही पंख अगदी सारखे असतील तरच हे सगळं सरळ चालतं. डावीकडं कापड बोटभर आखडलं, शिवण जाड झाली, कप्प्यात हवा कमी भरली, तर डावी बाजू वेगळी उडणार. हातापायांनी तो थोडंफार सावरील. नाही सावरलं तर गरगर सुरू.


शहापूरचा टेलर

साहेब, हे कळलं. शर्टाची एक बाही आखडली तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं. इथं भांडायला येणारच नाही.


अनगोळची

काका, नमस्कार. मी मूळची अनगोळची, नऊ वर्षं स्पेनमध्ये आहे. सहाशेच्या वर उड्या झाल्यात, त्यातल्या १७० विंगसूटच्या. तुमचं पहिलं पोस्ट वाचून हसले आणि मग रडूही आलं, कारण माझ्या आईनंही माझा सूट पहिल्यांदा पाहिला तेव्हा "हे इस्त्री करायचं असतं का गं" असंच विचारलं होतं.

आधी उत्तर. टाका घालू नका. सूट ज्या कंपनीचा आहे तिच्याकडं फाटलेल्या जागेचे फोटो पाठवायला सांगा. त्या दुरुस्त करून देतात, नाहीतर जवळचा प्रशिक्षित रिगर सुचवतात. रिगर म्हणजे पॅराशूट भरणारा आणि दुरुस्त करणारा, परवाना असलेला माणूस. तुम्ही शिवलेलं वाईट होईल असं मुळीच नाही. कदाचित कंपनीपेक्षा सुबक होईल. पण कोणत्या शिवणीवर किती ताण येतो, कुठली मुद्दाम सैल ठेवलीय, कुठल्या चेनीला एका झटक्यात सुटता आलं पाहिजे, हे सूट पाहून कळत नाही.

याच्या इतिहासात एक नाव आहे, पात्रिक द गेयार्दों, फ्रेंच. आजच्या विंगसूटची घडण त्याच्यामुळं झाली. कापडाचे दोन थर आणि मधे हवेचे कप्पे, तुम्ही टेबलावर पाहिलंत तेच. १३ एप्रिल १९९८ ला हवाईमध्ये उडी मारताना त्याचा जीव गेला. सूटनं दगा दिला नव्हता. पॅराशूटच्या पिशवीत त्यानं स्वतःच्या हातानं बदल केला होता आणि त्यात चूक राहिली. जगात त्या वेळी याच्यातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस नव्हता. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेचनिक या दोघांनी कंपनी काढून दुकानात विकता येईल असा सूट आणला आणि तो तुमच्या मुलापर्यंत पोचला.

आता तुम्ही न विचारलेलं. त्याला यात काय मिळतं?

साध्या उडीत एक मिनिट मिळतं आणि ते मिनिट नुसतं आवाजाचं असतं. ट्रकच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं. विंगसूटमध्ये दारातून बाहेर पडताना हातपाय मिटून घ्यायचे, नाहीतर पंखात हवा भरून विमानाच्या शेपटीवर आपटायचा धोका असतो. एक, दोन, मग हळूच उघडायचे. सूट फुगतो. खरंच टायरसारखा टणक होतो, हात वाकवायला जोर लागतो. आणि मग पडणं थांबल्यासारखं वाटतं. थांबलेलं नसतं, पण पोटाला तसं वाटतं. जमीन वर यायचं सोडून मागं सरकायला लागते. खांदा जरासा खाली केला की सगळं क्षितिज कलतं. ढगाच्या कडेनं जाताना पहिल्यांदा कळतं की आपण केवढ्या वेगात आहोत, कारण तोवर मोजायला शेजारी काहीच नसतं. अडीच मिनिटं, वारा चांगला असला तर तीन. मी लहानपणी कपिलेश्वर मंदिराजवळ उभी राहून घारी बघत बसायचे. त्या अडीच मिनिटांत मला त्यांचं थोडं कळतं, एवढंच सांगू शकते.

आणि भीतीही सांगते, लपवत नाही. माझी एकसष्टावी विंगसूटची उडी. छत्री ओढली तेव्हा एक हात दुसऱ्याच्या आधी आत घेतला. शरीर वळलं, छत्री एकीकडं आणि मी एकीकडं, दोऱ्यांना पीळ पडला. साध्या उडीत असं झालं तर हात वर करून दोऱ्या फाकवायच्या आणि पाय झाडून उलटं फिरायचं. विंगसूटमध्ये हात पंखांत अडकलेले असतात. आधी बाह्यांच्या चेनी उघडायच्या, मग हात वर. तो वेळ सहा-सात सेकंदांचा असेल, मला आजही पूर्ण आठवतो. पीळ सुटला. साडेतीन हजारांवर होते म्हणून वेळ मिळाला.

म्हणून मुलाला एवढं एकच विचारा: तू छत्री किती उंचीवर ओढतोस? पाच हजारांच्या वर म्हणाला तर पोरगा शहाणा आहे. आणि कड्यावरून उडी मारणार का, हेही विचारा. ते वेगळं जग आहे.


आकडेमोड

अनगोळचीताई "वेगळं जग" म्हणाल्या त्याचे आकडे देतो. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेनुसार २०२३ मध्ये तिकडं साडेछत्तीस लाख उड्या झाल्या, १० मृत्यू. म्हणजे साडेतीन लाख उड्यांमागे एकाहून कमी. नॉर्वेतल्या शेराग कड्याचा एक अभ्यास आहे, १९९५ ते २००५ चा. २०,८५० उड्या, ९ मृत्यू. २,३१७ उड्यांमागे एक. त्या सगळ्या विंगसूटच्या नव्हत्या, पण कडा तो कडाच. दोन्हींत दीडशे पटींचा फरक आहे. "विमानातून उडी" आणि "डोंगरावरून उडी" हे एकाच वाक्यात घालू नका.


सांबरा रनवे

पण रीलवर दिसतं ते कड्यावरचंच. झाडांच्या शेंड्यांवरून, खडकाच्या फटीतून. विमानातून मारलेल्या उडीत जमीन लांब असते, कॅमेऱ्यात वेग दिसतच नाही. वेग दाखवायचा तर जमीन जवळ पाहिजे, आणि जमीन जवळ आली की चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही. अमेरिकेचा डीन पॉटर २०१५ मध्ये तिकडच्याच योसेमिटीत कड्यावरून उडताना मेला, उडीतल्या सोबत्यासह. वालेरी रोझोव्ह हा रशियन २०१७ च्या नोव्हेंबरात नेपाळमध्ये आमा दब्लम शिखरावर तसाच मेला. यातलं कुणी नवशिकं नव्हतं. पॉटर जन्मभर कड्यांवर राहिलेला. रोझोव्हनं त्याच्या आदल्या वर्षी चो ओयू या हिमालयातल्या शिखरावरून ७,७०० मीटरच्या उंचीवरून उडी मारली होती.

आपल्याकडचं म्हणाल तर २००६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन जोडप्यानं गढवालच्या मेरू शिखराच्या बाजूनं, ६,६०४ मीटरवरून, विंगसूटनं उडी मारली होती. ते दोघं उतरून घरी गेले, हेही सांगायला हवं. सगळेच मरतात असं नाही.


रील किंग बीजीएम

ओके ओके. गोकाक कॅन्सल. 😐


खानापूर रानवट

मास्तर, तुमचा मुलगा "खारीसारखं" म्हणाला ते बरोबर आहे. आमच्या कणकुंबी-भीमगडच्या रानात मोठी उडती खार आहे, काही ठिकाणी तिला पाखरू म्हणतात. रात्रीची बाहेर पडते म्हणून दिसत नाही. उंच झाडाच्या शेंड्यावरून झेप घेते, पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी ताणते आणि तिरकी तरंगत लांबच्या दुसऱ्या झाडावर जाते. मी दोनदा पाहिलीय. दुसऱ्यांदा बॅटरीच्या उजेडात.

पण गंमत उतरण्यात आहे. झाडाजवळ आली की ती शरीर उभं करते, कातडी छत्रीसारखी समोर धरते, वेग मरतो आणि चारही पायांनी बुंध्याला चिकटते. माणसाला हे जमत नाही. एवढ्या वजनाला एवढंसं कापड, वेग मारायला गेला की उडणंच संपतं. म्हणून शेवटी पॅराशूट लागतंच. फक्त एका इंग्लिश माणसानं, गॅरी कॉनरीनं, मे २०१२ मध्ये पॅराशूट न उघडता सूटसकट उतरून दाखवलं. कशावर? पुठ्ठ्याच्या १८,६०० खोक्यांच्या ढिगावर! पाखराला खोकी लागत नाहीत.


निपाणीकर

१८,६०० खोकी! आमच्या निपाणीत तंबाखूच्या गोदामात पण एवढी नसतील.

पण खरं सांगू का मंडळी, तुम्ही सगळी लय हुशारीनं बोलताय आणि मला अजून एकच कळंना. चांगली नोकरी, चांगला पगार, आणि पोरगं तेरा हजार फुटावरनं उडी मारतंय. आईबापाच्या जिवाला घोर. हौस म्हणून दुसरं काय करता येत न्हाई? कुस्ती खेळ, गड चढ.


वडगाव माग

कुस्तीत मान मोडलेली दोघं माझ्या गल्लीत आहेत.


अनगोळची

निपाणीकर दादा, याला माझ्याकडं उत्तर नाही. आई माझ्याशी दोन वर्षं नीट बोलत नव्हती. आता बोलते, पण या विषयावर नाही. मी तिला समजावायचं सोडलं, कारण तिची भीती चुकीची नाहीच.


हिंडलग्याचे सुभेदार

निपाणीकर, मी तुमच्या बाजूनं बोलणार होतो. मग आठवलं, माझ्या आईनंही मला "भरतीला जाऊ नको" म्हटलं होतं. तिला लढाईची भीती नव्हती, विमानाची होती.


शहापूरचा टेलर (गुरुवार, दुपारी २:१५)

सगळ्यांचे आभार. दुकानात गर्दी होती म्हणून उशीर. बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही, विसर्जनाला तरी उघडू दे.

मुलाला विचारलं. छत्री साडेपाच हजारांवर ओढतो. कड्यावरून उडी मारणार नाही म्हणाला. "आत्ता तरी नाही" असं म्हणाला, हे प्रामाणिकपणे लिहितो.

काल रात्री पोरानंच मोबाइलवर एक गोष्ट वाचून दाखवली आणि मला झोप लागेना. पॅरिसमध्ये फ्रान्झ रायशेल्ट नावाचा एक माणूस होता. शिंपी होता. माझ्यासारखा, बायकांचे कपडे शिवणारा. त्यानं पॅराशूटचा अंगरखा शिवला, बाहुल्या टाकून टाकून बघितला आणि ४ फेब्रुवारी १९१२ ला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर गेला. परवानगी बाहुली टाकायची होती. त्यानं स्वतःच घातला. मित्र नको नको म्हणत होते. सत्तावन्न मीटर. उद्यमबाग साहेब, तुम्ही लिहिलेला गोकाक ५२, हा ५७. तुमच्या हिशोबानं साडेतीन सेकंदसुद्धा नाहीत.

मी विचार करत होतो, त्यानं शिवण पक्कीच घातली असेल. शिंप्याला आपल्या शिवणीवर विश्वास असतो. गिऱ्हाइकाला आपण छातीवर हात ठेवून सांगतो, उसवली तर पैसे परत. तो तसाच वर गेला असेल.

सूट घडी करून ठेवलाय. टाका घालत नाही.


उद्यमबाग

मास्तर, बरोबर केलंत. साडेतीन सेकंदांचं गणितही बरोबर.

अजून एक विचारून घ्या. पॅराशूटच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला किंवा छत्री ओढायची राहिली तर जमिनीजवळ ते स्वतःच राखीव छत्री उघडतं. नेहमीचं यंत्र साधारण ७५० फुटांवर काम करतं, पण खाली यायचा वेग तासाला १२६ किलोमीटरच्या वर असेल तरच. त्या वेगानं पडतोय म्हणजे छत्री उघडलेली नाही, असा त्याचा तर्क. आता विंगसूटवाला येतोच साठ-सत्तरनं. यंत्राला वाटतं, सगळं ठीक आहे, छत्री उघडलेली दिसते. आणि ते गप्प बसतं.

विंगसूटसाठी वेगळं बसवलेलं यंत्र मिळतं. त्याच्याकडं कोणतं आहे ते विचारा.


अनगोळची

उद्यमबाग दादा, हे तुम्हाला कसं माहीत? हे आमच्यातल्याही अनेकांना उशिरा कळतं. काका, नक्की विचारा.

आणि विंगसूट सुरू करायला आधी २०० साध्या उड्या झालेल्या असाव्यात असा अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा नियम आहे. त्याच्या २४० तल्या चौदाच सूटच्या, म्हणजे पाळलेला दिसतो. ही चांगली खूण आहे.


बेळगावकर ७१

"बीजीएम" काय, "बेळगावी" काय. पोरांनो, नाव तरी नीट लिहा. बेळगाव.


संपादक

हा वाद वेगळ्या धाग्यावर, कृपया. इथं मास्तरांचं चाललंय.


चोर्ला ताई

सगळे पुरुष बोलताहेत (अनगोळची सोडून), मी बाईमाणसाचं विचारते. मास्तर, वहिनींना सांगितलंत का? आमच्या पुण्याच्या शीतल महाजननं २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली, फोटो सगळ्या पेपरांत होता. तो वहिनींना दाखवा. नऊवारी बघून भीती थोडी कमी होईल. आणि तुम्हालाही विचारायचंय, एवढ्या वाऱ्यात कासोटा सुटला कसा नसेल?


शहापूरचा टेलर

ताई, कासोटा नीट घातला असेल तर सुटत नाही. वारा सोडा, कुस्तीत सुटत नाही. पदर मात्र टाचावा लागला असणार.

घरी सांगितलंय. तेच लिहायला आलोय.

काल जेवताना मी विषय काढायच्या आधीच बायको म्हणाली, "त्या रेनकोटाला गुंड्या कशा नाहीत?" आम्ही दोघं गप्प. मग म्हणाली, "मला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे, भाच्यानं व्हिडिओ दाखवलाय. तुम्ही दोघं कधी सांगताय ते बघूलाले होते." पोरगं ताटातच बघत बसलं. तिनं नऊवारीचा फोटो बघितला, यंत्राचं विचारलं (त्याच्याकडं साधंच होतं, आता विंगसूटचं घ्यायचं कबूल केलंय), छत्रीची उंची विचारली. आणि शेवटी म्हणाली, "उतरताना पाय नीट टेकतोस ना?" बाकीचं तिला सगळं पटल्यासारखं. चेन उघडायची राहिली होती ते तिला सांगितलेलं नाही.


हिंडलग्याचे सुभेदार

वहिनींना सॅल्यूट. मूळ प्रश्न त्यांनीच विचारला. आमचे उस्तादही उडीनंतर पहिल्यांदा पायच बघायचे.


शहापूरचा टेलर (तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, माफ करा. दोघातिघांनी निरोपात विचारलं, पुढं काय झालं.

सूट मुलानं दुबईहून कंपनीकडं पाठवलाय. त्यांनी फोटो बघून सांगितलं, शिवण उसवून पट्टीच बदलावी लागेल, आतला कप्पाही फाटला होता. बाहेरून मला दिसला नव्हता. मी टाका घातला असता तर तो तसाच आत राहिला असता.

जाताना त्याला वाटत होतं, बाबांनी काहीतरी शिवून द्यावं. म्हणून सूट ठेवायच्या पिशवीची चेन बदलून दिली. जुनी प्लॅस्टिकची अडकत होती. आठ नंबरची पितळी घातली, दोन्ही टोकांना बारटॅक (दाट आडवा टाका) मारला. ती उघडली नाही तर कुणी मरत नाही.


वडगाव माग

मास्तर, चेनचे किती घेतलेत पोराकडून?


शहापूरचा टेलर

पैसे नाही घेतले. म्हटलं, उतरलास की मिस्ड कॉल दे. प्रत्येक उडीला एक.

गेल्या शुक्रवारी चार आले. सूट नाही म्हणून साध्याच उड्या. पहिला आला तेव्हा मी एका ब्लाउजची काख जोडत होतो, दुसऱ्याला बटण लावत होतो. तिसरा बायकोनं घेतला, दुकानात डबा घेऊन आली होती. चौथ्याला उशीर झाला. आम्ही दोघंही काही बोललो नाही, ती गेली नाही घरी. सव्वापाचला आला.